गिरणीतली हळद

शेंद्रा गावात एक म्हातारी होती, तिला बंडू नावाचा पोरगा होता, अन् दोघांचं पोट एका पिठाच्या गिरणीवर होतं. ती म्हातारी म्हंजे मीच. दसऱ्याला मी गिरणीला हळदीकुंकू वाहिलं अन् दुसऱ्या दिवशी गिरणी बंद पडली, तीबी दिवाळीच्या भाजण्यांच्या तोंडावर.

बंडू गिऱ्हाईक बायांसमोर म्हणला, "आईनं गिरणीच्या आतल्या विजेच्या बोर्डावर हळद उडवली, म्हणून जळालं." बाया माझ्याकडं अशा बघाया लागल्या, जशी मीच त्यांची दिवाळी खाल्ली. मला लई राग आला. जन्मभर यंत्रं पुजली, कोणतं जळालं?

शेजारची शबाना कंपनीत बोर्ड तपासती. तिनं उष्णता दाखवणारा कॅमेरा आणून बोर्डाला करंट दिला. पडद्यावर सगळं निळं, एकच ठिपका पिवळाधमक.

"बघा, हळद," बंडू म्हणला.

"हळद नाय भाई," शबाना म्हणली, "पिवळं म्हंजे तापलेलं. हळद पडली तो कोपरा निळा हाय, थंडगार. हा तापलेला पार्ट कुणी बसवला?"

बंडू खाली बघत म्हणला, "मीच. मागच्या महिन्यात, स्वस्तातला मिळाला म्हणून."

"बायांसमोर बोललास ना," मी म्हणलं, "आता त्यांच्यासमोरच सांग."

त्यानं सांगितलं. शबानानं तो पार्ट बदलला, अन् त्या दिवाळीला भाजणीच्या डब्यांची रांग आमच्या दारातून पार सडकेवर गेली.