परत यायचं कारण

— न्हाय न्हाय, मान हलवू नका पावणं, आत्ता कुठं पहिला पेच बसलाय! ते टोक दातात धरा घट्ट. सोडायचं न्हाय आणि बोलायचं बी न्हाय — बोललासा की कापड ढिलं पडतंय. मी बोलतो, तुम्ही ऐका. गडहिंग्लजचं लग्न, धाकट्या भावाचं, म्हणजे वऱ्हाडाला फेटे भरपूर लागणार, व्हय का न्हाय? मानेनं न्हाय वो, डोळ्यानं सांगा! हां. तर मगाशी भिंतीवरच्या त्या फोटोचं विचारलासा — ही विमान कंपनीच्या बाईला फेटा बांधणारी पोरगी कोण म्हणून. ती आमची भैरवी. माझी पोरगी. एकुलती एक. आता न्हाय ती इथं, दिल्लीला असती. चांगली असती. नोकरी हाय, पगार हाय, सगळं हाय. बसा सरळ.

शेतकी कॉलेजात होती ती, इथं कोल्हापुरातच. आमचं रान गुंठाभर न्हाय कुठं — शिवाजी पेठेतली माणसं आम्ही, आमची मशागत म्हणजे कापडाला खळ घालायची — आणि हिला मातीचं वेड! आता कुठनं आलं ते? देवाला ठावं. तर जगभरात अशी शेतकी शिकणारी पोरं हाईत न्हवं, त्यांची एक संघटना हाय. दरसाल एका देशात जमत्यात, एकमेकांची शिवारं बघत्यात, आपापलं मांडत्यात. त्या साली युरोपात होतं, नाव माझ्या जिभेवर बसत न्हाय. आपल्या देशातनं जी पोरं निवडली ती न्यायचं काम भैरवीकडं. तिथं राहणं-खाणं त्यांचं, पर विमानाचं तिकीट आपलं आपण. आणि पोरं कुठली? एक आसामच्या चहाच्या मळ्यातली पोरगी, एक तुमच्याच गडहिंग्लजकडचा आदर्श म्हणून, त्याची आई चिमणाबाई बाजारात मिरच्या विकती — त्यांनी विमान बघितलेलं ते खालनं! ही बया सगळ्यांना फोनवर सांगायची, तयारी करा, तिकिटाचं मी बघतो. कशाच्या जिवावर? कशाच्याच न्हाय. एका बी विमान कंपनीला सोडलं न्हाय तिनं, सगळ्यांना लिहिलं. काही गप्पच, काहींनी शुभेच्छा पाठवल्या. ती म्हणायची, पप्पा, शुभेच्छांवर बसून कोण उडतंय?

जरा डावीकडं. बास. मग काय झालं — आपल्या विमानतळावरनं एक नवीन विमान सुरू व्हायचं होतं, त्याचा मोठा कार्यक्रम, आणि पावण्यांना फेटे बांधायचं काम माझ्याकडं. भैरवी म्हटली, पप्पा, कंपनीच्या मोठ्या मॅडम येणार हाईत, त्यांचा फेटा मी बांधतो. मला वाटलं पोरगी हाताखाली येतीया, बरंच हाय. तिथं गेलो, तर मी पावण्यांना टोक हातात धरायला देतो, मानाची माणसं ती — आणि ही मॅडमना काय म्हणती? दातात धरा, मॅडम! धरलं बिचारीनं. आता बोलणार कशी? आणि एक-एक पेच घेत हिनं सुरू केलं की वो! निम्मं इंग्रजी, निम्मं हिंदी. म्हटली, मॅडम, आमच्याकडं ऊस तोडला की लगोलग गाळावा लागतो, पडून राहिला की वजन घटतं. तुमची रिकामी सीट त्याहून वाईट, विमान उडालं की तिचा थेंबभर रस निघत न्हाय. मला गर्दीच्या दिवसाच्या सीटा नकोत, ज्या दिवशी विमान निम्मं रिकामं जातंय त्या दिवशीच्या द्या. तिथल्या मंडपात तुमचं नाव लावतो. आणि ही पोरं उद्या गावोगावची मोठी माणसं होणार, पहिल्यांदा विमानात कुणी बसवलं ते माणूस मरेस्तोवर विसरत न्हाय. मॅडमना आलं हसू! दातातनं टोक सुटलं, सगळा फेटा खांद्यावर. स्टेजवरनं बोलावणं चाललंय, माझा जीव टांगणीला, आणि ही शांतपणे म्हणती, परत बांधतो मॅडम — परत धरा. तो फोटो त्यावेळचा हाय. दुसऱ्यांदा बांधून झाल्यावर मॅडम म्हटल्या, दिल्लीला ये, बोलू.

मिळाली वो तिकिटं! लगेच न्हाय, लई हेलपाटे झाले, ह्याची सही, त्याची मंजुरी, मधी एकदा सगळं फिसकटलंतं बी. पर मिळाली, सगळ्यांना मिळाली. तालमीच्या पोरांनी फटाक्यांची माळ लावली, चौकात हिचा फोटो लावून हा एवढा बोर्ड केला. मी आपला उगंच त्या बोर्डाखालनं जायचो, काम नसलं तरी. आणि मग तो व्हिसा. सगळ्यांना मिळाला. आदर्शला मिळाला, आसामच्या पोरीला मिळाला. भैरवीला न्हाय.

का म्हणजे? असं का बघताय? मी बी असंच बघितलंतं. लिहिलेलं की हिला मायदेशी परत यायचं पुरेसं कारण दिसत न्हाय. हिच्या नावावर रान न्हाय, नोकरी न्हाय, लग्न न्हाय. ही गेली की तिकडंच राहणार, असं त्या व्हिसावाल्या सायबानं ठरवलं. हिनंच मला मराठीत करून सांगितलं, इथं, ह्याच बाकावर बसून. मी म्हटलं, अगं, आम्ही दोघं बसलोय की हितं — आम्ही कारण न्हाय? तर हसली. म्हटली, पप्पा, तुमचा सातबारा कुठाय? हसत हसत म्हटली, आणि आत जाऊन तोंड धुऊन आली.

पर रडत बसली न्हाय. पोरांना पोचवायला मुंबईला गेली, पेटीभर फेटे घेऊन. विमानतळाच्या दारात एकेकाला उभा करून फेटा बांधला. आसामच्या त्या पोरीला म्हणं सोडवेना, हिच्या गळ्यात पडून रडली — ताई, तुझ्याशिवाय कशी जाऊ? हिनं तिलाच दामटलं, आत जा, तुरा वाकडा होतोय. मॅडम आलत्या तिथं. त्यांना कळलं तेव्हा त्या म्हटल्या, पोरी, तू आमच्याकडंच कामाला ये, दिल्लीला. अशा पोरांना न्यायचं आणि आणायचं, तेच काम तुझं. हिनं काय सांगावं? घरी विचारून सांगतो. आणि परत येताना गाडीतनं मला फोन केला. म्हटली, पप्पा, मी मॅडमना न्हाय म्हणणार. पुढचं शिक्षण कोल्हापुरातच घेतो. त्या सायबाला दिसलं न्हाय म्हणून माझं घर काय नाहीसं झालं न्हाय. मी दुकानात एकटाच होतो. बरं झालं एकटा होतो.

पकडा की वो टोक, सुटतंय! हां.

सकाळी आली. दारात पाऊल टाकतीया, तर हिची आई समोर — कपाळाला गुलाल, हातात पेढा. आमची मंडळी, संयोगिता. साधी बाई वो. हिचा सख्खा भाऊ पिराजी आखातात गेलता कामाला, तो आला ते पेटीतनं. विमानतळावर ती पेटी घ्यायला ही गेलती. तेव्हापास्नं विमान म्हटलं की हिच्या डोळ्यासमोर तीच पेटी. आता अशा बाईला काय सांगणार? भैरवी म्हटली, आई, गुलाल कशाचा? ही म्हटली, जोतिबाला गेलतो, नवस फेडला. कसला नवस? आणि ही — एखादं लहान पोर सांगतंय तसं, तोंडभर हसून — तुझं जाणं मोडू दे म्हणून बोललोतो. देवानं ऐकलं गं बाई. घे, पेढा खा.

भैरवीनं पेढा हातात घेतला. खाल्ला न्हाय. तिथं कापडाच्या घडीवर ठेवला, अलगद. म्हटली, आई, सगळी दुनिया मला न्हाय म्हणत होती, ते मी सोसलं. तू बी? बास. एवढंच. आवाज चढवला न्हाय, आदळआपट न्हाय. ही आपली, अगं पर, अगं पर, करत तिच्या मागं मागं फिरतीया, तोवर तिनं बॅग भरायला काढली. आठवडाभरात गेली दिल्लीला. जाताना माझ्या पाया पडली, आईच्या बी पडली — चुकवलं न्हाय तिनं — पर उठताना तिच्या तोंडाकडं बघितलं न्हाय.

आता दरसाल कितीतरी पोरं पाठवती ती. सगळी परत येत्यात. तिला कंपनीचं तिकीट हाय, फुकटात बसून कोल्हापूरला उतरता येतंय. पर आली न्हाय. दिवाळीला न्हाय, माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा न्हाय — डॉक्टरशी तिकडनं बोलली, औषधं पाठवली, सगळं केलं. फोन करती मला, दुकानात. घरच्या फोनवर न्हाय. एकदा म्हटलं, बाळ, चार दिवस रजा काढ की. तर म्हटली, अर्जात कारण लिहावं लागतंय पप्पा, काय लिहू? कधी कधी वाटतं, त्या सायबाला कागदात दिसलं ते आम्हाला एवढी वाढवून दिसलं न्हाय? का त्यानं लिहिलं म्हणून तसं झालं? तुम्ही सांगा. न्हाय, नका सांगू. आणि आमची मंडळी आता उलटा नवस बोललीया. पोरगी दारात येईस्तोवर पायात चप्पल घालणार न्हाय. उन्हाळ्यात पाय भाजत्यात तिचे, मी पाणी ओततो. काय बोलू तिला? आणि पोरीला तरी काय बोलू?

हे बगा, हा तुरा. असा उभा राहिला पाहिजे, ताठ, पर लवचिक. भैरवीचा तुरा माझ्यापेक्षा चांगला यायचा. अजून येतोय. परवा तिनं फोटो पाठवला मला — लग्न केलं वो तिनं. तिकडंच, सही करून. पोरगा बरा दिसतोय, चष्मेवाला. त्याच्या डोक्याला कोल्हापुरी फेटा, तिनंच बांधलेला, आणि तुरा असा की मी, जन्म गेला माझा ह्यात, मी बघतच राहिलो. गावच्या लग्नांना फेटे मी बांधतो आणि माझ्या जावयाच्या — जाऊ दे. खाली लिहिलं होतं, आईला एवढ्यात सांगू नका. हिला ठाऊक न्हाय अजून. ही रोज स्थळं बघतीया तिच्यासाठी! कालच गगनबावड्याकडचं एक आणलं, मी बी बसून पत्रिका बघितली. काय करणार? कुणालाच सांगितलं न्हाय मी हे. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे, तुम्ही आपले गप्प बसलाय म्हणून —

— आं? न्हाय गं, काय न्हाय. पावण्यांना फेट्याचे प्रकार सांगत होतो. गडहिंग्लजचं पावणं हाईत, भावाचं लग्न हाय त्यांच्या.

न्हाय. न्हाय आला आज फोन. आला तर सांगतो की. तू आत जा बघू, फरशी तापलीया.

उठा पावणं, झाला फेटा. तो तिकडं आरसा हाय. न्हाय, चहा-बिहा नको, त्यांना गाडी धरायची हाय — हाय न्हवं? जावा. जावा तुम्ही.