मुलाच्या घराची किल्ली

मशीनची घरघर चालू होती, तरी दुकानापुढच्या दोन विहिणींचं बोलणं किल्लीवाल्याला नीट ऐकू येत होतं.

"जावईबापूंनीच स्वतःची किल्ली दिली. म्हणाले, हिच्यासारखी एक करून घ्या आणि आता आमच्याकडेच राहा."

"माझा मुलगा असं म्हणाला?"

"हो ना! मलाच मेलीला संकोच. आमची आई लेकीच्या घरी पाणीसुद्धा प्यायची नाही."

"तुम्ही तर बिऱ्हाडच हलवलंत."

"तुम्हीही या हो, कधीही."

"येते की. बेल वाजवून."

तेवढ्यात फोन आला म्हणून लेकीची आई बाजूला गेली. मुलाची आई पुढे वाकली.

"दादा, मलाही एक करा."

"करतो की."

"आणि त्यांच्या किल्लीचा एखादा दात... चुकतो ना हो तुमच्याकडून कधीकधी?"