चौऱ्याऐंशी टक्के

काटा : पाचवा, सातवा, आठवा, नववा सोमवार. चारही बाटल्यांची सीलं जशीच्या तशी आहेत. आता बोल.

चिमणी : कुठे मिळाल्या तुला?

काटा : मला नाही, शिपाईमामांना. आजच्या तोंडी परीक्षेसाठी प्रयोगशाळा आवरत होते, जुन्या काचसामानाच्या खोक्यात हात घातला तर तळाशी या. लेबलवर माझं अक्षर बघून बिचारे माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, तुझ्या दिसतायत, महत्त्वाच्या असतील.

चिमणी : त्यांनी उघडून नाही ना पाहिल्या?

काटा : सील आहे म्हटलं ना. कोणीच उघडून पाहिल्या नाहीत, तोच तर प्रश्न आहे.

चिमणी : हळू बोल गं. शेजारच्या खोलीत परीक्षक बसलेत, सर त्यांना चहा पाजतायत, कुठल्याही क्षणी आपल्याला बोलावतील. नंतर बोलू ना आपण, मी सगळं सांगते, अगदी सगळं, फक्त आत्ता नको.

काटा : आत्ताच. आत गेल्यावर मला त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचंय की आम्ही बनवलेली गोळी गरम, दमट हवेत टिकते. म्हणून विचारते, टिकते का?

चिमणी : तू अशी बघायला लागलीस ना, की मला काही सुचत नाही.

काटा : मग मी सुचवते. बारा बाटल्या भरल्या होत्या आपण. चाळीस अंशांच्या चेंबरमध्ये ठेवल्या. दर सोमवारी एक काढायची, फोडायची, गोळीतलं औषध किती टक्के उरलंय ते मोजायचं. नव्वदच्या खाली गेलं की गोळी नापास. एवढं सरळ काम. पहिले चार सोमवार मी मोजले. मग आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. जाताना मी तुला काय म्हणाले होते?

चिमणी : किल्ली दिलीस आणि म्हणालीस, चिमणे, पाच सोमवार सांभाळ.

काटा : आणि तू?

चिमणी : मी म्हटलं, तुझ्यासारखा तराजूचा काटा नाही माझा हात, पण डोळ्यांत तेल घालून करीन.

काटा : तेल भलतंच घातलंस.

चिमणी : मार टोमणे, मार. चूकच आहे माझी. पण ऐकून तर घेशील? पाचव्या सोमवारी त्या औषध कंपनीची लेखी परीक्षा होती, आठवतंय? सगळा दिवस तिथेच गेला. धावतपळत आले तर मामा कुलूप लावत होते. त्यांच्या हातापाया पडून बाटली तेवढी चेंबरमधून काढली, म्हटलं उद्या सकाळी मोजू. आणि परत जाताना वाटेत तुझा मेसेज आला. आईला आत नेलं, मी बाहेर पायरीवर बसलेय, आजचा आकडा सांग. आता काय करू मी? तू तिथे एकटी, पायरीवर. मी लिहून टाकलं, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

काटा : कुठून आणलास हा आकडा?

चिमणी : चौथ्या आठवड्याचा तुझा अठ्ठ्याण्णव पॉइंट सात होता. त्यातून थोडं कमी केलं.

काटा : बरं. पायरीवर बसले होते, म्हणून हे पहिलं खोटं सोडून देते. दुसऱ्या दिवशी का नाही मोजलीस?

चिमणी : मोजून वेगळंच काही आलं असतं तर? तुला पाठवलेलं खोटं पडलं असतं. पुढच्या सोमवारपासून नीट करायचं ठरवलं होतं मी, शपथ.

काटा : सहाव्याची बाटली यांत नाही.

चिमणी : असेल कुठेतरी.

काटा : पाच सोमवार होते, बाटल्या चार सापडल्या. सहाव्याची कुठे आहे?

चिमणी : फोडली होती.

काटा : मोजलीस?

चिमणी : हो.

काटा : किती आलं?

चिमणी : जाऊ दे ना आता ते.

काटा : किती?

चिमणी : एक्क्याण्णव.

काटा : पुन्हा सांग.

चिमणी : एक्क्याण्णव. दोनदा केलं मी. गोळीवरचं आवरण ओल खाऊन सुटलं होतं, नख लावलं तर पापुद्रा निघत होता. आणि त्याच संध्याकाळी तू लिहिलंस, आई शुद्धीवर आली आणि पहिलं काय विचारलं, तर तुझ्या गोळ्यांचा आकडा काय. नर्सकडून कागद मागून घेतलाय, एका बाजूला स्वतःचा रक्तदाब लिहिते, दुसऱ्या बाजूला आपल्या गोळ्या. म्हणते, त्या एवढ्या उष्णतेत तगल्या तर मी का नाही तगणार. त्यावर मी एक्क्याण्णव कोणत्या तोंडाने लिहायचं होतं, सांग ना.

काटा : माझ्या आईला पुढे करू नकोस.

चिमणी : पुढे नाही गं करत.

काटा : करतेयस. तो कागद अजून आहे घरी, फ्रीजवर लावलाय. कोणी तब्येत विचारायला आलं की दाखवते, हे बघा, माझ्या लेकीचं काम. पाचही आकडे तुझ्या मनाचे. तरी मी तेही गिळलं असतं. माणूस घाबरतं, दयेपोटी खोटं बोलतं, एवढं कळतं मला. मी परत आले त्या दिवसाचं बोल.

चिमणी : त्या दिवसाचं काय?

काटा : दहावा सोमवार. मी मोजलं, चौऱ्याऐंशी आलं. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा केलं, चौऱ्याऐंशी. तिसऱ्यांदा केलं, साडेत्र्याऐंशी. सर आले. तुझे सगळे अठ्ठ्याण्णव-सत्त्याण्णव बघितले, माझे बघितले, आणि वर्गासमोर म्हणाले, आईच्या काळजीने हिचा हात बिघडलाय, राहिलेले दोन सोमवार दुसरीला करू दे. ज्या वर्गाने मला काटा म्हणायला सुरुवात केली, त्याच वर्गासमोर. तेव्हा तू तिथेच होतीस.

चिमणी : होते.

काटा : काय केलंस?

चिमणी : तुझ्या पाठीवरून हात फिरवला.

काटा : आणि म्हणालीस काय?

चिमणी : नको ना गं.

काटा : म्हणालीस, होतं असं, दमली आहेस तू, हात थरथरतोय तुझा. थरथरत नव्हता. पण तू म्हणालीस म्हणून मला तो थरथरताना दिसायला लागला. पिपेटची नळी हातात घ्यायची भीती वाटायची. तू कंपनीच्या मुलाखतीला जायचीस तेव्हा मी खोलीवर वाटीत थेंब थेंब पाणी टाकून मोजत बसायचे, चुकतंय का बघायला. तीन आठवडे. अहवालातून माझे चौऱ्याऐंशी गेले, आणि शेवटचे दोन सोमवारही तू सत्त्याण्णवच लिहिलेस. आणि तुला माहीत होतं. सहाव्याला एक्क्याण्णव, तर दहाव्याला चौऱ्याऐंशी येणारच. माझा हात बरोबर आहे हे सगळ्या जगात एकट्या तुला माहीत होतं.

चिमणी : सांगणार होते मी. रोज ठरवायचे, आज सांगू. पण त्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, प्रकल्पात काय केलंत, आणि मी हेच आकडे दाखवले. इतके खूश झाले ते. निवड झाली. मग मागे कशी फिरणार होते मी?

काटा : म्हणजे माझा हात बिघडलेला असणं तुझ्या सोयीचं होतं.

चिमणी : असं नको बोलूस. चार वर्षं एका ताटात जेवलोय आपण.

काटा : म्हणून तर इथे उभी आहे. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी केव्हाच सरांकडे गेले असते. फसवलंस तू मला, चिमणे. आकडे राहू देत बाजूला. मला फसवलंस.

चिमणी : चुकलं माझं. किती वेळा म्हणू?

काटा : एक विचारू? दर सोमवारी चेंबरमधून बाटली काढत होतीस ना?

चिमणी : काढावीच लागायची. सर मधूनच डोकवायचे, आत किती उरल्यात ते बघायचे.

काटा : म्हणजे सकाळी उठून इथवर यायचीस, किल्ली लावायचीस, बाटली बाहेर काढायचीस, आणि मोजायचं सोडून खोक्यात दडवायचीस. मोजायला वेळ किती लागतो?

चिमणी : दोन तास. पण वेळेचं नव्हतं गं ते. आकडा बघायची हिंमत होत नव्हती.

काटा : मग फेकून का नाही दिल्यास?

चिमणी : फेकवल्या नाहीत. लेबलवर तुझं अक्षर होतं.

(मामा दारात येऊन उभे राहतात.)

मामा : चला पोरींनो, परीक्षक तयार आहेत. सर दोनदा विचारून गेले. काय गं, त्या बाटल्या कामाच्या निघाल्या का?

काटा : खूप कामाच्या, मामा. पाच मिनिटांत आलो म्हणून सांगा.

मामा : पाच म्हणजे पाचच हं. ते परीक्षक घड्याळ काढून बसणाऱ्यांतले आहेत. आणि तोंडं का अशी पडलीत? वर्षभर राबलात, आता घाबरायचं काय त्यात?

चिमणी : आलोच, मामा. गेले बघ ते. आता माझं ऐक. आत वीस मिनिटं उभं राहायचा प्रश्न आहे फक्त. ही गोळी काय बाजारात जाणार आहे का? कोणाच्या पोटात जाणार नाहीये ती. अहवाल कपाटात पडून धूळ खाईल. तुझा पहिला वर्ग पक्का आहे, पुढच्या शिक्षणाची जागा ठरलीय. आत्ता तोंड उघडलंस तर दोघींचं वर्ष पाण्यात जाईल. आईला काय सांगशील घरी?

काटा : उद्या कंपनीत तू हेच काम करणार आहेस. तिथली गोळी लोक खाणार आहेत.

चिमणी : तिथे नाही करणार मी असं.

काटा : माझ्याशीही करणार नव्हतीस.

चिमणी : बरं, मग मी एकटी सांगते. ती तर इथे नव्हतीच, सगळं मी केलं, असं सांगते. तुझं वर्ष वाचेल, झालं?

काटा : नाही वाचणार. अहवालाच्या पहिल्या पानावर माझी सही आहे. वर छापलंय, हे सर्व काम आम्ही स्वतः केले आहे. एकाही आकड्यावर बोट न ठेवता केली मी ती सही. बाटल्यांचा हिशोब विचारला नाही, वही तपासली नाही. रोजची ओळख असली तरी दुकानदार सुट्टे मोजून घेतो, मी तुझं काहीच मोजून घेतलं नाही. ती माझी चूक. ती मी सांगेन, तू तुझी सांग.

चिमणी : आणि मग?

काटा : मग बारा बाटल्या परत भरायच्या. बारा सोमवार.

चिमणी : मी येईन. एक सोमवार चुकवणार नाही. तू फक्त उभी राहा, मी मोजते, तू बघ.

काटा : नको. मी एकटी करीन.

चिमणी : म्हणजे आता माझ्याशी बोलणारही नाहीस?

काटा : बोलतेच आहे की.

चिमणी : असं नाही गं.

काटा : नुसता राग आला असता तर बरं होतं, चार दिवसांत उतरला असता. आता तू म्हणालीस बाहेर ऊन आहे, तरी मी खिडकीशी जाऊन बघेन. माझं काय करू मी, सांग.

मामा : पोरींनो, झाली पाच मिनिटं.

काटा : आलेच, मामा. दे त्या बाटल्या इकडे.

चिमणी : थांब, मी पण येते. तुझ्याबरोबर.

काटा : ये. पण माझ्याशेजारी उभी राहू नकोस.