बापूंची पोच

आमच्या दूध संघातले बापू म्हणजे काय माणूस हाय, ऐका. मी बीडच्या हेड ऑफिसात कॉम्प्युटर बघतो. परवा सर्व्हरचं सॉफ्टवेअर नवं केलं, अन् दुसऱ्या दिवशी सकाळीच चकलांब्याच्या शाखेतून बापूंचा फोन.

"साहेब, मेलला फाईलच जोडता येत न्हाई. लाल अक्षरात कायतरी येतंय."

"त्याचा फोटो मेलला जोडून पाठवा."

"फाईल जोडता येत न्हाई म्हनून तर फोन केलाय ना."

"मग व्हॉट्सअॅप करा."

"माझा फोन बटनाचा हाय."

इकडं आमचे मॅनेजर म्हणाले, "आज चालू झालं न्हाई तर जुनं सॉफ्टवेअर बसवा अन् तुमी घरी बसा."

दुपारी चकलांब्याच्या एसटीचा ड्रायव्हर बापूंचं पाकीट देऊन गेला. आत त्या लाल अक्षरांची प्रिंट. नव्या सॉफ्टवेअरनं फाईलच्या साईजची मर्यादा लई कमी करून ठेवलेली. ती वाढवली अन् बापूंना फोन केला, "आता फाईल जोडून बघा. जमलं की मेलनंच कळवा."

मेल उघडून बसलो. मॅनेजर डोक्यावर उभे. मेल काही येईना.

संध्याकाळी तोच ड्रायव्हर दारात. पाकिटात बापूंचा कागद: "फाईल जोडली जाते. मेल व्यवस्थित चालू आहे."

खाली सही अन् शिक्का.