लहान मेंदूतले तपकिरी ठिपके

दवाखान्यात आईने लेकीचा दंड घट्ट धरून ठेवला होता. लेक आठवीतली, पण चालताना तिचा झोक जायचा. आईचे कान मात्र मागच्या बाकावर. तिथे एक तरुण संशोधिका आणि प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणारी मावशी बोलत होत्या.

“मावशी, आपल्या त्या डुलणाऱ्या उंदरांच्या लहान मेंदूत, तोल सांभाळतो त्या भागात, तपकिरी ठिपके दिसले.”

“अगं बाई. म्हणजे मेंदू सडला?”

“उलट. पेशीवर ताण आला की ती स्वतःला सावरायला एक प्रथिन बनवते. आम्ही रंग टाकला की ते तपकिरी दिसतं. मेलेली पेशी काही बनवत नाही.”

“म्हणजे झुंजतायत अजून.”

“बऱ्याचशा. औषध सापडलेलं नाही हं. पण वाचवायला काहीतरी उरलंय.”

“मग एक सांगते, रागावू नकोस. तुमच्या अरुंद पट्टीवरून चालवायच्या चाचणीत मी त्या तुटक्या शेपटीवाल्याला मागून हळूच आधाराला बोट लावायचे. पडतो गं बिचारा.”

“मावशी! महिन्याभराची मोजमापं पाण्यात गेली की.”

“काल नाही लावलं. म्हटलं, बघू तरी.”

“मग?”

“तीनदा पडला. चौथ्यांदा पट्टी पार करून गेला, आणि माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही मेल्याने.”

नर्सने लेकीचा नंबर पुकारला. लेकीने सवयीने दंड पुढे केला.

“तू हो पुढे,” आई म्हणाली. “मी मागेच आहे.”