लल्ला बतूलचा हंडा

(मोरोक्कोतल्या फेसचं जुनं शहर. सेफ्फारीन चौकातलं एक तांबटाचं दुकान. दुपार कलली आहे. 'लल्ला' म्हणजे इथल्या बोलीत मानाने 'बाई'.)

हम्माद : तो नाही देता येणार, लल्ला बतूल. दुसरा कुठलाही सांगा, संध्याकाळपर्यंत घरी पोचता करतो.

बतूल : दुसरा कशाला? मला तो कोपऱ्यातलाच हवाय, गोणपाटाखालचा. लग्नाच्या कोंबड्या काय ह्या चहाच्या किटल्यांत शिजवू?

नुझा : उस्ताद, पंधरा दिवसांवर लग्न आलंय माझं. आत्या एवढ्या पायऱ्या उतरून इथवर आली. तिचे गुडघे तरी बघा.

बतूल : माझे गुडघे राहू देत. स्वयंपाक मी हातांनी करते.

हम्माद : बसा ना. पुदिन्याचा चहा मागवतो.

बतूल : ही तुझ्या बापाची रीत. बा अल्लालला नाही म्हणायचं असलं की तो आधी चहा पाजायचा. निदान तीन पेले तरी पाजायचा!

हम्माद : त्या झाडाखालच्या दुकानात मोठे हंडे आहेत. माझ्यापेक्षा चांगले.

नुझा : दुसऱ्याचा माल चांगला म्हणणारा तांबट मी आज पहिल्यांदा बघतेय.

बतूल : अगं, न कळण्यासारखं काय आहे त्यात? भ्यायलाय तो. बतूलच्या हाती हंडा दिला आणि पुन्हा माणसं आजारी पडली, तर दुकानाचं नाव खराब व्हायचं.

हम्माद : तसं नाही हो, लल्ला.

नुझा : सगळे असंच म्हणतात, 'तसं नाही हो.' माझ्या होणाऱ्या सासूबाई तरी तोंडावर बोलल्या. स्वयंपाकाला कोणालाही आणा, म्हणाल्या, ती बाई नको. मी म्हटलं, आत्या नसेल तर मीही नाही. तेव्हापासून दोन्ही घरं तोंड फुगवून बसलीत.

हम्माद : लोक अजून विसरले नाहीत?

नुझा : कसे विसरतील? मी शाळेत होते तेव्हा. रेशीमवाल्यांच्या घरचं लग्न. साठ माणसं ओकत होती, नवरीचे आजोबा दोन दिवस इस्पितळात. आणि गल्लीभर एकच बोलणं, बतूलने आदल्या रात्रीची कोंबडी गरम करून वाढली.

बतूल : पहाटेच्या अजानला चूल पेटवली होती मी. आदल्या रात्रीची म्हणे!

नुझा : अठरा वर्षं झाली. तेव्हापासून हिला लग्नाला बोलावलं तर पाहुणी म्हणून. स्वयंपाकघराच्या दाराशीसुद्धा कोणी उभं करत नाही.

हम्माद : लल्ला, तुम्हाला एक सांगायचंय. जरा आत येता?

बतूल : आत कशाला? बाहेर एवढी ठोकाठोक चाललीय, कोणाला काय ऐकू जातंय? बोल इथेच.

हम्माद : त्या हंड्याची कल्हई कच्ची होती.

नुझा : कुठल्या हंड्याची?

हम्माद : रेशीमवाल्यांच्या लग्नाला जो गेला, त्याची. ह्याचीच, ह्या कोपऱ्यातल्याची. त्या आठवड्यात अकरा लग्नं होती. वडील जाऊन चाळीस दिवसही झाले नव्हते. कथील कमी पडलं. होतं तेवढं कापसाच्या बोळ्याने पातळ पसरवलं. वरून नुसतं झळझळीत. लोणच्याच्या लिंबातली कोंबडी त्यात रटरटली, की आतलं तांबं उघडं पडणारच. मला ठाऊक होतं. दोष तुमच्या हाताचा नव्हता.

नुझा : आणि अठरा वर्षं तुम्ही गप्प बसलात?

हम्माद : आधी म्हटलं, उद्या सांगू. मग, इतके दिवस का नाही सांगितलं ते कसं सांगायचं, हेच सुचेना.

नुझा : आत्या, ऐकलंस ना?

बतूल : ऐकलं. मला ठाऊकच होतं.

हम्माद : तुम्हाला?

बतूल : मग? रिकामा झाल्यावर हंडा घासला कोणी? बुडाशी तळहाताएवढं लालभडक तांबं दिसत होतं.

नुझा : आणि तरी तू कोणाला बोलली नाहीस?

बतूल : काय तोंडाने बोलू? हंडा नेण्याआधी आतून अर्धं लिंबू घासायचं, जरा वेळ थांबायचं, लाली दिसली तर तिथल्या तिथे परत करायचा. इथली प्रत्येक स्वयंपाकीण हे करते, तांबटाच्या समोर, भर चौकात. मी तीस वर्षं केलं. त्या एका दिवशी नाही केलं.

हम्माद : लिंबू तर तुमच्या हातात होतं. मी बघितलं होतं.

बतूल : होतं की. पण तू समोर उभा होतास, बापाचा जेलाबा घालून. बाह्या पार बोटांवर आलेल्या. अल्लालच्या मुलाला जमतंय का, म्हणून अख्खा चौक टपलेला. माझं मन नाही झालं. म्हटलं, आज ह्याची परीक्षा नको. टाकलं लिंबू खिशात.

हम्माद : माझी लाज राखायला...

बतूल : आणि साठ माणसांची पोटं बिघडवली. तुझी चूक मोठी, माझी लहान. पण चूक दोघांची, हम्माद.

नुझा : मग शिक्षा एकटीलाच का? ह्यांचं दुकान धडाक्यात चालू आणि तुझी चूल बंद!

बतूल : ते मात्र मला लागलं. खोटं कशाला बोलू? दर लग्नसराईला लागायचं. वाटायचं, हा चौकात नाही बोलणार, पण निदान घरी येऊन तरी सांगेल.

हम्माद : आलो होतो. दोनदा. दारावरून परत गेलो.

बतूल : मग तिसऱ्यांदा यायचं.

नुझा : मला एवढंच सांगा, माझ्या सासूबाईंना हे कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणतील, आत्यासाठी गोष्ट रचलीय.

हम्माद : त्यांना चौकाकडूनच कळेल. थांबा. ए जल्लूल! मंसूर! हातोडे खाली ठेवा. सगळ्यांनीच ठेवा. अहो काका, तुम्हीसुद्धा.

नुझा : हे काय चाललंय, आत्या?

बतूल : गप्प बस. कोणी गेलं तरच हा चौक असा थांबतो.

हम्माद : ऐका. रेशीमवाल्यांच्या लग्नात माणसं आजारी पडली होती, ती माझ्या हंड्यामुळे. कल्हई कच्ची आहे हे ठाऊक असून मी तो दिला. लल्ला बतूलचा स्वयंपाक ताजा होता. लोक त्यांना बोलत राहिले आणि मी इथे बसून ऐकत राहिलो. माझं भांडं ज्याला नको असेल, त्याने खुशाल नेऊ नये. घरोघर सांगा हे.

नुझा : सगळे आपापल्या भांड्यांकडे बघतायत.

बतूल : बघणारच. ज्याला त्याला आपापला एखादा हंडा आठवत असेल.

हम्माद : लल्ला, उद्या सकाळी भट्टी लावतो. तुमच्या डोळ्यांदेखत दोन हात कल्हई करतो. फक्त एवढं सांगा, किती माणसांचा स्वयंपाक आहे?

नुझा : आत्या, अगं, तुला विचारतायत ते. आत्या? रडतेस?

बतूल : रडू नको तर काय करू? अठरा वर्षांत कोणी मला हे विचारलंच नाही गं. चारशे, हम्माद. आणि तुझ्या घरचे किती, तेही सांग.