दोन पिवळे फ्रॉक

विश्वासच ठेवला नाही ना कुणी! अख्खं थिएटर भरलेलं, आणि एकानं — एकानं तरी म्हणावं की ही बाई खरं बोलतेय. छे! हात वर करा. दोन्ही. आणि हलू नका, टाचण्या आहेत, उद्या गावभर सांगाल शिवणकामवालीनं भोसकलं म्हणून. आता तुम्हीच मघाशी आल्या आल्या काय म्हणालात? सिनेमा झकास झाला, आणि ती मुलगी पुलावरून पडते तेव्हा काळजात धस्स झालं. म्हणालात ना? मग ऐका. पडते ती बेबी नाहीच. बेबीचं नुसतं तोंड आहे. पडते ती माझी पोरगी. ठकी म्हणतो आम्ही तिला — बघा! तुमच्याही भुवया चढल्या. आरशात दिसतं मला सगळं.

सिनेमा काढला कुणी? माझ्या धाकट्या दिरानं. लोकांच्या लग्नांचे फोटो काढून काढून कंटाळला, म्हणाला, आता आपल्या गावाचा सिनेमा काढू. आजोबा डोंगरात हरवलेत, आई-बाप आणि मुलगी शोधायला निघतात, मध्ये गुहा, साप, मोडका पूल — लहानथोरांनी मांडीला मांडी लावून बघावा असा. बाप तो स्वतः, आई माझी जाऊ, मुलगी त्यांची बेबी. म्हणजे कुटुंब झालं ते तिघांचं, आम्ही काय रस्त्यावरून उचलून आणलेले? ठकी आणि बेबी एका वयाच्या, अकरा-अकरा, एका उंचीच्या, पाठमोऱ्या उभ्या केल्या तर माझी मला ओळखू यायची नाही. पण दीर काय म्हणाला? 'वहिनी, ठकीचे दात पडद्यावर फार येतील हो.' आता दात आहेत पुढे, मी कुठं नाही म्हणते? बापावर गेलीय, तो गेला, दात ठेवून गेला. पण पाठीला दात नसतात ना! म्हणून पाठ घेतली तिची. जिथं जिथं धोका तिथं तिथं माझी पोरगी पाठमोरी, आणि धोका टळला की बेबी वळून हसणार. ठकीला त्याचंही कोण कौतुक! घरभर पाठमोरी चालून दाखवायची मला. मी म्हटलं, बाई गं, सरळ चाल, आधीच रूप काय कमी आहे.

आणि फ्रॉक शिवायचे कुणी? मी. दोन पिवळे फ्रॉक, एका ताग्यातले, घेर सारखा, बाही सारखी, अगदी बटणंसुद्धा. आत कमरेला जाड पट्टा, पाठीला चीर, चिरेतून दोरीचा आकडा त्या पट्ट्याला अडकवायचा — म्हणजे पोर हवेत लोंबकळते आणि बघणाऱ्याला कळत नाही कशाला. ठकीनं लोंबकळायचं खऱ्या पुलावरून, खाली ओढा, दगड. बेबीनं लोंबकळायचं दुसऱ्या दिवशी, जमिनीपासून दोन हात वर, खाली कापसाच्या दोन गाद्या, तोंड कॅमेऱ्याकडे. आणि तरी मऊ अस्तर कुणाला? बेबीला! जाऊबाईंचा निरोप — स्वतः नाही आली हं, निरोप — 'तिची कातडी नाजूक आहे, आणि मापाला यायला वेळ नाही, अंदाजानं शिवून ठेवा.' अंदाजानं! सव्वीस वर्षं हे मशीन चालवतेय मी, माणूस समोर उभा केल्याशिवाय कात्री लावली नाही. ठकीच्या फ्रॉकला मग उरलंसुरलं जाड कापड लावलं अस्तराला. म्हणाली, 'आई, कमरेला टोचतंय गं.' म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे, सोस. — टोचलं का तुम्हाला? सोसा. झालंच आता.

गळ्याच्या आत खूण केली होती दोऱ्याची. हिरवी बेबीची, लाल ठकीची. गोंधळ व्हायला जागाच नव्हती. ठकीच्या पट्ट्यावर मी चार वेळा मशीन फिरवलं, बैल टांगला असता तरी सुटला नसता. मग पट्टा सुटला कसा, असंच विचारताय ना? सगळ्यांनी विचारलं. मी सांगितलं, दोरी धरणाऱ्यांनी हिसका दिला. मग सांगितलं, दोरा कुजका निघाला, दुकानदारानं फसवलं. आणि दोरी धरणारे तरी काय शहाणे होते का, एक बिडी ओढत होता म्हणतात... वळा. डावीकडे. दोरा कुजका नव्हता. माझ्या दुकानात कुजका दोरा? जीभ झडेल असं म्हणणाऱ्याची.

कच्चा टाका होता. म्हणजे काय, आमची रीतच आहे ती — आधी पांढऱ्या दोऱ्यानं लांब लांब टाके टाकून ठेवायचे, मग माणसानं यायचं, घालून बघायचं, मगच मशीन. आली का ती? नाही आली. मग बेबीचा पट्टा राहिला कच्च्या टाक्यावर. विसरले नव्हते मी, मला विसरभोळी समजू नका. राहू दे म्हटलं. गादीवर दोन हात उंचीवरून बूड आपटलं असतं बेबीचं, सगळ्यांदेखत, आणि मग आली असती धावत माझ्या उंबऱ्यावर — 'ताई, चुकलं, नीट शिवून द्या.' एवढंच. एवढंच हवं होतं मला, एकदा तिनं स्वतः यावं. ह्यात काय मोठंसं मागितलं मी?

दवाखान्यात फ्रॉक कापून काढला तेव्हा गळ्यात बघते तर हिरवी खूण. बेबीनं दिला होता म्हणे. 'तुला टोचतंय ना, माझा घाल,' म्हणाली, आणि घातला हिनं! पुलाखालच्या आडोशाला बदलले दोघींनी. आता कमरेखाली हाड असं जोडलंय की डावा पाय दोन बोटं आखूड. शिवताना मी डाव्या बाजूला घेर दोन बोटं वर घेते, मग उभी असताना कळत नाही. चालायला लागली की कळतं.

आणि दिरानं काय केलं? गोष्टच बदलली! गोष्टीत पडायचंच नव्हतं कुणी. पण एवढा चांगला तुकडा हाती आल्यावर कोण फेकतो? म्हणून मग मुलगी पडते, ओढ्यातून वर येते, आणि वर आलेलं तोंड बेबीचं. टाळ्या! शिट्ट्या! सगळी माणसं उभी, जाऊबाई डोळे पुसतेय, बेबी हात हलवतेय. मग मीही उठले. ओरडले, 'ती किंकाळी माझ्या पोरीची आहे! मी जन्म दिलाय, मला ओळखू येत नाही?' लोक म्हणे, बसा हो खाली. दीर माईकवरून, 'वहिनी, आज नको ना.' शेवटी कुणीतरी शहाणा ठकीलाच विचारतो — 'काय गं, तू होतीस का ती?' आणि ही उभी राहिली, खुर्चीला धरून, सगळ्यांच्या समोर, आणि म्हणाली — 'नाही. ती बेबीच आहे.'

हसलं ना थिएटर! जिन्यातच एक ठेवून दिली मी. रडली नाही. घरी आल्यावर कंपासपेटी उपडी केली तिची, म्हटलं काय लपवतेय बघू, तर आत पांढरा दोरा. वीतभर, गुंडाळलेला, पिवळ्या कापडाचा धागा अजून अडकलेला त्यात. म्हटलं, हे काय? म्हणाली, 'मी कुणाला नाही सांगितलं आई.' — चुलीत घातला मी तो.

काय बघताय अशा? उतरवा ड्रेस, टाचण्या सांभाळून. तुम्हाला वाटतं माझी चूक? मी कुणासाठी काय शिवलं होतं ते मला ठाऊक होतं, ज्याचं त्यानं घातलं असतं तर कुणाला ओरखडा आला नसता. चार दिवस टोचलं असतं. टोचणं म्हणजे काय मरण आहे? मला जन्मभर टोचतंय, मी बदलला का कुणाशी फ्रॉक? शुक्रवारी या, ड्रेस तयार ठेवते. माप घ्यायला स्वतः आलात, बरं केलंत. दार ओढून घ्या, धूळ येते. आणि बाहेर कुणी विचारलंच ना, त्या बाईच्या पोरीचा पाय कुणामुळे गेला, तर माझं, जावेचं, दिराचं, कुणाचं नाव घेऊ नका. सरळ सांगा, जिनं घातला तिच्यामुळे. ठकीमुळे.